पिवळ्या काचेसमोरच्या सासूबाई

आमच्या कामाबद्दल लोकांना एकच कुतूहल असतं: अंधारात आम्ही चमकतो का. पूर्वी मी चिडायचो, आता "हो, विजेचं बिल वाचतं" म्हणून मोकळा होतो. सासूबाईंना कुणी हे विचारलं, तर त्या त्याला बसवून, चहा देऊन सगळं पहिल्यापासून सांगतात. अणुभट्टीत वापरून झालेलं इंधन आम्लात विरघळवतात, त्यातून पुन्हा कामाला येणारं काढून घेतात, आणि मागे जे जहाल पाणी उरतं ते आमच्या वाट्याला येतं. ते काचेत मिसळून वितळवायचं, पोलादी डब्यात ओतायचं, झाकण जोडायचं आणि डबा तळघरात निवत ठेवायचा. "सांडू नये म्हणून घट्ट करून ठेवायचं, एवढंच," त्या म्हणतात. तोवर समोरच्याचा चहा गार झालेला असतो.

सासूबाई म्हणजे सावकाशपणाचा कळस. कुलूप लावलं की ओढून बघणार, चार पावलं गेल्यावर परत येऊन ओढणार. भाजी चिरायला बसल्या की जेवण आज मिळणार की उद्या, असा प्रश्न पडतो. मी पडलो फिटर, माझ्या हाताला दम म्हणून नाही. लग्न ठरलं तेव्हा मित्रांनी चिडवलं होतं की सासू एकाच कारखान्यात म्हणजे घरी-दारी दोन्हीकडे हजेरी. ते काही खोटं नव्हतं. मी घाईने एखादा नट आवळताना दिसलो की मागून आवाज यायचा, "जावईबापू, पाना आहे तो, तलवार नाही."

सासरे बस चालवायचे. ते गेले तेव्हा माझी बायको बोट धरून चालायच्या वयाची होती. सासूबाई शिलाई करायच्या. कारखान्यात स्थिर हाताची माणसं हवी होती, म्हणून त्यांनी अर्ज केला आणि परीक्षेत एका चिमट्याने मणी उचलून दाखवले. त्याच हातांवर त्यांनी लेक वाढवली, शिकवली, आणि माझ्यासारख्या धांदरटाला दिली. याबद्दल मी त्यांचा ऋणी आहेच.

त्यांचं काम बघायला मिळालं की मी गुपचूप बघत उभा राहायचो. जाडजूड काँक्रीटची भिंत, तिच्यात शिशाची पिवळसर काच. काचेच्या अलीकडे दोन मुठी, पलीकडे दोन पोलादी हात. मुठी हलवाल तसे ते हात हलतात. पण ती काच इतकी जाड की डोळ्याला फसवते. आतली वस्तू असते त्याहून जवळ दिसते. नवा माणूस पहिल्या दिवशी हटकून हवेतच चिमटा मिटतो. सासूबाई सगळ्या नव्यांना सांगायच्या की डोळ्यावर जाऊ नका, सावली बघा. वस्तू आणि तिची सावली एकमेकींना भेटली की समजायचं, टेकली. घरी त्या कपसुद्धा सावली बघून ठेवतात, असं बायको म्हणते.

त्या खोलीचा एक नियम होता. ज्याचा हात थरथरला त्याने मुठी सोडून उठायचं. त्याने कारण सांगायचं नाही आणि इतरांनी विचारायचं नाही.

तर एका दुपारी चष्मेवाल्याने घोळ घातला. हा सासूबाईंच्या हाताखाली तयार झालेला, दोन पोरांचा बाप, माणूस सरळ. आत डबे उचलायला छोटी क्रेन असते. शेवटचा डबा तळघरात सोडून झाल्यावर क्रेनचा रिकामा पंजा वर घेताना तो डोळ्यावर गेला. पंजा डबे ठेवायच्या चौकटीपासून मोकळा आहे असं त्याला वाटलं, आणि होता तो तिच्या आडव्या पट्टीखाली. वर ओढल्याबरोबर पंजाचं नख अडकलं. क्रेन मागे येईना, पुढे जाईना. मागे दुरुस्तीच्या खोलीत आणता येईना, म्हणजे सगळं कामच ठप्प.

पाळीप्रमुखांनी शांतपणे ठरवलं: संध्याकाळपर्यंत बाहेरून पोलादी हातांनी नख सोडवून बघायचं. नाहीच जमलं तर आतली खोली धुऊन घ्यायची आणि उद्या थोड्या वेळापुरता एक माणूस आत पाठवायचा. फिटरच लागणार होता, आणि पाळी माझी होती.

आत जाणं किरणोत्साराच्या ठरलेल्या मर्यादेतच असतं, सगळं मोजूनमापून असतं, हे मी लोकांना दहादा सांगितलंय. त्या दिवशी तेच मी स्वतःला सांगत होतो आणि पटत नव्हतं. माझी लेक नुकती धरून उभी राहायला लागली होती. सरळ सांगतो, मला भीती वाटत होती.

मुठी सासूबाईंनी घेतल्या. त्यांच्याइतका स्थिर हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. मी त्यांच्या मागे उभा राहून काचेतून बघत होतो, उद्या पाऊल कुठे टाकायचं, कुठे टेकायचं नाही. बराच वेळ गेला. पोलादी बोटं नखाजवळ जायची, पट्टीला घासून परत यायची. मग एकदा ती बोटं थरथरताना दिसली. सासूबाईंनी मुठी सोडल्या आणि त्या उठल्या.

माझं अवसान गळालं. त्या हरल्या म्हणजे मी आत गेलोच.

त्यांनी चष्मेवाल्याला खूण केली. तो मागे सरकला. ज्याने अडकवलं त्यानेच सोडवायचं म्हणजे काय!

"बस," त्या म्हणाल्या. "तू फक्त हात दे. सावली मी बघते."

त्या बाजूच्या छोट्या खिडकीशी गेल्या आणि तिथून सांगू लागल्या. खाली. अजून बोटभर. थांब. सावली यायची आहे. त्यांच्या त्या रटाळ, ओढून कुलूप बघणाऱ्या आवाजात चष्मेवाल्याचा हात हळूहळू बसला. "आता भेटली. दाब." नख पट्टीखालून सुटलं आणि पंजा झोकांडी खाऊन मोकळा झाला. चष्मेवाल्याने चष्मा काढून डोळे पुसले.

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसलो. न विचारायचा नियम खोलीतला होता, बसमधला नव्हता. विचारलं, हात कशाने थरथरला.

"काचेत तुमचं तोंड दिसत होतं," त्या म्हणाल्या. "पंजा दिसेना मला."

"मग बाजूला व्हा म्हणायचं ना मला. मी लगेच झालो असतो."

त्यांनी हातातल्या पिशवीचा बंद दोनदा ओढून बघितला.

"तुम्ही पाऊल कुठे टाकायचं ते बघत होता. आम्हाला जमलं नसतं तर उद्या आत तुम्हीच असता. तिथे चुकून चाललं नसतं. म्हणून म्हटलं, तुम्ही बघा. मी उठते."

आजवर मला पुष्कळ जणांनी काळजी घे म्हणून सांगितलंय. माझी अशी काळजी कुणी घेतली नव्हती. घर येईपर्यंत मी त्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिलो.