रेवदंड्याच्या वाळूत माझी विंच

मंडळी, आज संध्याकाळी रेवदंड्याच्या किनाऱ्यावर झालेली फजिती माझ्याच तोंडून ऐका.

लढाईच्या काळातल्या माझ्या जुन्या जीपला मी घरच्या अंगणातच विंच बसवली, बॅटरीपासून जाड वायरी जोडल्या. खटका दाबला की तार गुंडाळत वजन ओढते! म्हटलं, आता कोळ्यांना होडी वर घ्यायला गाव गोळा करायला नको.

तारेच्या टोकाचा आकडा होडीला अडकवून खटका दाबला. होडी ढिम्म! जीपच वाळूतून घसरत पुढे निघाली.

"मास्तर, तुमची जीपच होरीला भेटाला चालली!" होडीचे मालक धर्मा नाखवा ओरडले.

शेवटी किनाऱ्यावरच्या सगळ्या कोळ्यांनी मागून जीप धरली, तेव्हा कुठे होडी वर आली.

होडी ओढायला रोज जेवढी माणसं लागतात, तेवढीच आज जीप धरायला लागली. तरी नाखवांनी उद्याही बोलावलंय. आता तुम्हीच सांगा, विंच नेऊ की नुसते हात?