मनगटावरचे गाव

"काका, तो नेपाळी आहे यार. भूतानचा म्हणून उगाच मिरवतो. इतक्या सुखी राज्यातून कोण कशाला निघून येईल?" असे इथल्या, अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळातला शेखर सांगत फिरतो. हे साफ खोटे आहे.

हा गृहस्थ डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या दुकानात भाजी तोलतो. घरी तो नेपाळी बोलतो, हे मला मान्य आहे. पण भाषेवरून देश ठरत असेल, तर मराठी बोलणारा शेखर अमेरिकी पासपोर्ट कसा बाळगतो?

देश विचारला की तो डावा तळहात उघडतो आणि हिंदीत सांगतो, "बोटांवर बर्फ. मध्ये राजधानी, तिथे आमचे राजे. मनगटाशी संत्र्यांच्या बागा, तिथे माझे गाव." त्या राजांच्याच सरकारने त्याच्यासारख्या नेपाळी बोलणाऱ्या लोकांना देशाबाहेर हाकलून दिले. तरी तो त्यांचा उल्लेख एकेरीत करत नाही.

परवा शेखरने त्याला हटकले, "घड्याळ उजव्या हातात? डावखुरे आहात?"

"नाही," म्हणून तो मिरच्या तोलू लागला.

शेखरला उत्तर मी देतो. डाव्या मनगटावर त्याचे गाव आहे, आणि त्या गावावर तो घड्याळाचा पट्टा बांधत नाही.