नऊ बाय दहाच्या खोलीत चौका

मंगरूळपीरला आमच्या गल्लीत पानाबाईंची खोली आहे. नऊ फूट रुंद, दहा फूट लांब, वर पत्रे. पुढे त्यांचे दीर नथमल यांचं किराणा दुकान आणि दुकानाच्या पाठीला ही खोली. दार आमच्या बोळीसारख्या गल्लीत उघडतं, माझ्या दारासमोरच.

पानाबाईंचं माहेर आसेगावचं. लग्न होऊन त्या या खोलीत आल्या आणि इथेच म्हाताऱ्या झाल्या. त्यांचे यजमान केसरीमल धाकट्या भावाच्याच दुकानात तागडी धरायचे. ते गेल्यावर पानाबाई मुगाचे पापड लाटून दुकानात देऊ लागल्या.

एवढ्याशा खोलीत जे मावेल असं वाटणार नाही, तेही त्यांनी माववलेलं होतं. पलंगाचे पाय विटांवर चढवलेले, खाली तीन पेट्या. पुढची रोजच्या कपड्यांची, मधली सणावाराची, भिंतीकडची केसरीमल यांच्या वस्तूंची. मोठ्या डब्यात मधला, मधल्यात लहान, आणि लहानात लवंगा. हिवाळ्याची पांघरुणं उन्हाळ्यात तक्क्याच्या खोळीत जायची आणि पाहुणे त्यांना टेकून बसायचे. वीज गेली तरी पानाबाई अंधारात हात घालून बरोबर हळदच काढत. "चीजवस्तूले तिची जागा दिली का ते हाक मारल्यावर येते," असं त्या म्हणत.

त्यांच्या मनात एकच गोष्ट राहिली होती. चौका लावायचा होता. दिगंबर मुनींच्या आहारासाठी घरात शुद्ध स्वयंपाक मांडतात, त्याला चौका म्हणतात. मुनी दिवसातून एकदाच जेवतात, तेही उभ्याने, हाताच्या ओंजळीत. कोणाकडे जाणार ते आधी सांगत नाहीत. श्रावक आपापल्या दारात कलश घेऊन उभे राहतात, आणि ज्याच्या दारी महाराज थांबतील त्याचं भाग्य. पानाबाई जन्मभर दुसऱ्यांच्या चौक्यात पोळ्या लाटत आल्या. "सोताचं घर झालं का आपण लावू," असं केसरीमल म्हणायचे. घर काही झालं नाही.

या हिवाळ्यात कारंज्याहून शिरपूरकडे निघालेला मुनिसंघ आमच्या गावी थोडे दिवस मुक्कामाला थांबला, आणि पानाबाईंनी जाहीर केलं, "म्या चौका लावून राह्यली."

नथमलशेठनी दुकानातूनच विचारलं, "भाभी, लावसान कुठी? महाराज आत गेले तर तुमाले बाहीर निघा लागन."

"तुमी तागडीकडे पाहा," पानाबाई म्हणाल्या.

पहिल्या सकाळी उजाडायच्या आत त्यांनी खोली रिकामी केली. मदतीला नथमलशेठचा मुलगा श्रेयांस आणि सून जिनल होते. पलंग दाराबाहेर उभा केला. पेट्या एकावर एक रचल्या, शेजारी धान्याची लोखंडी कोठी, त्यावर गाद्या, गाद्यांवर चादर. आत जमीन पुसून, विहिरीचं पाणी गाळून, उकळून स्वयंपाक झाला. वरून काही पडू नये म्हणून चौक्यावर पांढरं कापड ताणून बांधतात, तो चंदोवा बांधला. पानाबाई धुतलेल्या शुद्ध साडीत कलश घेऊन दारात उभ्या राहिल्या.

महाराज आले. हातात मोरपिसांची पिंछी, आहाराला निघाल्याची खूण म्हणून उजव्या हाताची बोटं खांद्याला टेकवलेली. मुनी पावलापुढची जमीन पाहत चालतात, किडामुंगी पायाखाली येऊ नये म्हणून. गल्लीच्या तोंडाशी ते थांबले. पुढे जमीन दिसतच नव्हती. पलंग, कोठी आणि गाद्यांचा डोंगर. त्यामागून पानाबाई जीव तोडून "नमोस्तु, नमोस्तु" म्हणत होत्या, पण त्यांचा कलश काय तो गाद्यांच्या वर दिसत होता. महाराज वळले आणि दुसऱ्या आळीला गेले.

पानाबाई कलश घेऊन तशाच उभ्या राहिल्या. जिनलने तो हळूच त्यांच्या हातून काढून घेतला.

"भाभी," नथमलशेठ मागच्या दारातून म्हणाले, "महाराजाले काय तुमचा पलंग ओलांडून यायचं होतं?" मग पानाबाईंचा चेहरा पाहून त्यांनी आवाज उतरवला. "संघ गुरुवारपर्यंत हाय ना. सामान माह्या गोदामात टाका."

"तुमच्या गोदामात गेलेला डबा कधी वापस सापडला काय?"

हे खरं होतं. नथमलशेठ दुकानात परत गेले.

दुपारी श्रेयांसने युक्ती काढली. गाद्यागोधड्यांची गाठोडी पत्र्याखालच्या लोखंडी आड्यांना टांगायची, आणि त्यांच्या खाली चंदोवा. टांगून पाहिलं. दोऱ्या लोंबल्या आणि चंदोव्याला हे एवढं पोट आलं.

जिनल तोंडाला पदर लावून हसायला लागली. "बडीमाँ, पुष्पवृष्टी ऐकली होती. आपल्या घरी गोधडीवृष्टी होईल."

पानाबाईंनाही हसू आलं, पण टिकलं नाही. आता एकच वाट होती. सामान लोकांच्या घरी ठेवायचं, आणि तीच त्यांना जड जात होती. दिराच्या खोलीत राहणारी बाई म्हणून त्यांनी कोणाकडे कधी कोपराभर जागा मागितली नव्हती. आपलं सगळं आपल्या चार भिंतींत मावतं, याच ताठ्यावर त्यांचं आयुष्य निघालं होतं.

दिवेलागणीला त्या माझ्या दारात आल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत.

"ताई, तुमच्या दिवाणाखाली काय हाय?"

"काही नाही. धूळ असेल."

"मंग ते झाडून देऊ काय?"

मला समजायला एक क्षण लागला. "झाडा ना," मी म्हटलं. "आणि झाडल्यावर जागा रिकामी कशाला ठेवायची? पेट्या आणा."

त्यांनी पदराच्या टोकाने डोळ्यांचे कोपरे टिपले आणि लगेच खराटा मागितला.

एवढ्यात शेजारची सरिता बाहेर आली. ती तहसील कचेरीत नोकरी करते. तिचा नवरा गोविंदा शाळेत शिपाई आहे. दोन मुलं आणि हे दोघं, घर पानाबाईंच्या दीडपट असेल नसेल.

"मावशी, काय चालू हाय? आमाले काहून नाई सांगत?"

"तुह्या घरी चार माणसं, बाई."

"चार माणसायच्या मधात एक कोठी. ह्यायच्या टीव्हीपुढं ठेवू. तसंबी ते कामाचं काही पाहत नाई."

आतून गोविंदाचा आवाज आला, "मी मॅच पाहून राह्यलो!"

"तेच म्हणते मी," सरिता म्हणाली. "या, कोठी उचला."

मग गल्लीतून वरातच निघाली. कोठी सरिताकडे, पलंग श्रेयांसच्या घरच्या जिन्याखाली, पेट्या आणि गाद्या माझ्याकडे. पुढे पानाबाई सूचना देत. पेटीची कडी दाराकडे हवी. कोठीखाली वीट हवी, नाहीतर ओल धरते. गादी उभी नको, कापूस खाली बसतो. माझ्या दिवाणाखाली पेट्या लावता लावता त्यांनी माझ्या जुन्या चपला, रिकाम्या बाटल्या आणि हरवला म्हणून मी सोडून दिलेला अडकित्ता बाहेर काढला आणि ओळीने मांडून ठेवला. मी घरमालकीण असून एका बाजूला उभी होते.

दुसऱ्या सकाळी गल्ली झाडून लख्ख केलेली होती. पानाबाई, जिनल आणि श्रेयांस शुद्ध वस्त्रांत दारात उभे होते. पानाबाईंच्या हातातल्या कलशावर नारळ होता. आम्ही बाकीचे आपापल्या उंबऱ्यात. सरिताने टीव्ही बंद करायला लावला होता.

महाराज गल्लीच्या तोंडाशी आले, थांबले, आणि दोन पावलं पुढे निघून गेले. पानाबाईंनी कलश आणखी उंच धरला. तेवढ्यात ते वळले आणि जमीन पाहत पाहत गल्लीत शिरले.

"हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु! अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ!" तिघांनी एका सुरात विनवलं, म्हणजे इथे या, इथे थांबा.

महाराज दाराशी उभे राहिले. तिघांनी त्यांना तीन प्रदक्षिणा घातल्या. गल्ली अरुंद, तेव्हा प्रत्येक फेरीला श्रेयांसची पाठ माझ्या भिंतीला घासत होती आणि चुना त्याच्या शुभ्र उपरण्याला लागत होता. मग मन, वचन, काया आणि आहारजल शुद्ध असल्याचं म्हणून त्यांनी महाराजांना आत नेलं.

दारातून मला सगळं दिसत होतं. पाटावर पाय धुणं झालं. महाराज मधोमध उभे राहिले, वर चंदोवा ताठ, आणि चहूबाजूंनी माणूस सहज फिरेल एवढी जागा. पानाबाईंनी ओंजळीत पहिलं पाणी घातलं, एक थेंब सांडला नाही. मग मुगाची डाळ, पोळीचे घास. आहारात केस किंवा किडा निघाला तर मुनी तिथेच थांबतात, पुढे पाणीही घेत नाहीत. प्रत्येक घासाला जिनल डोळ्यांत तेल घालून पाहत होती. काही निघालं नाही. आहार पुरा झाला. महाराजांनी पिंछी उचलून आशीर्वाद दिला, कमंडलू भरून घेतला, आणि जयजयकारात संघाकडे निघाले.

ते गेल्यावर नथमलशेठ हात जोडून आत आले. चारी भिंतींकडे पाहत राहिले.

"भाभी, हे खोली इतकी मोठी हाय? मले माहीतच नव्हतं."

"मलेबी कुठं माहीत होतं?" पानाबाई म्हणाल्या आणि जमिनीवरच बसल्या. हसत होत्या आणि रडतही होत्या. जिनलने ताट वाढून पुढे ठेवलं तेव्हा जेवल्या.

मला वाटलं, आता संध्याकाळी सामान परत जाईल. कसचं! दुपारी पानाबाई फेरीवर निघाल्या. माझ्या दिवाणाखालच्या पेट्या पाहिल्या. सरिताकडे कोठीखालची वीट हाताने चाचपली.

"मावशी," गोविंदाने विचारलं, "कोठी कधी नेता? खेळणाऱ्यायचे निस्ते डोके दिसून राह्यले."

"संघात अजून महाराज हायत. आर्यिका माताजीबी हायत. उद्या कोणी वळलं इकडं तर?" पानाबाई शांतपणे म्हणाल्या. "गुरुवारपर्यंत राहू दे, बेटा."

गोविंदाने सरिताकडे पाहिलं. सरिता भिंतीकडे पाहून हसत होती. त्याने खुर्ची उचलली, कोठीच्या बाजूला नेऊन ठेवली आणि मान तिरपी करून मॅच पाहायला बसला.