पहिल्या बिघाडाची जिलबी

आमच्या पिंप्राळ्यातले एक शेजारी आयटीआयमध्ये लेथ मशीनवर लोखंड कातायला शिकवतात. दिसेल त्या गोल वस्तूवर अंगठा फिरवून बघायची त्यांना सवयच आहे. पातेलं, केळं, स्कूटरचं चाक, काहीच सुटत नाही. एकदा चहा पिता पिता तो अंगठा माझ्या टकलावरूनही फिरला. "भाऊ, फिनिशिंग झकास शे!" बायको अजून हसते.

त्यांच्याच हाताखाली शिकणाऱ्या आमच्या मंजूनं काल एक लोखंडी दांडा मापापेक्षा बारीक करून ठेवला. घरी येऊन रडायला लागली, "मला नाही जमत. मी उद्यापासून जाणारच नाही." मी धीर या विषयावर सुरेख व्याख्यान दिलं. ती आणखी जोरात रडली.

तेवढ्यात हे महाशय जिलबीचा पुडा नाचवत घरात शिरले. ज्याचा पहिला जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा, बिघडेल, त्याच्या नावानं सरांनी जिलबी वाटायची, अशी त्यांच्या वर्कशॉपची रीत.

"बठ्ठ्या वर्गानं, झाडून सगळ्यांनी खाल्ली पोरी, तूच पळून आलीस!"

"पण सर, लोखंड वाया गेलं ना."

"जाऊ दे! ज्याचं काहीच बिघडत नाही ना, तो मशीनले घाबरस. तुझी भीती गेली, आता हात बसेल." आणि स्वतःच इतके खदखदून हसले की पाक शर्टावर सांडला.

मंजूलाही हसू फुटलं. तिनं दोन जिलब्या संपवल्या, बोटं चाटली आणि स्वयंपाकघराकडे बघून ओरडली, "आई, माझा वर्कशॉपचा ॲप्रन धुतलास का गं?"