आंब्याखाली उभी राहणारी गाडी

महिनाभरात तिसऱ्यांदा तीच गाडी माझ्या शेडमध्ये आली होती. गडद निळी, जुनी, पण जपलेली. बॉनेट आणि टप पुन्हा चिकट. हात लावला तर काकवी सांडल्यासारखं लागत होतं.

"शेलारकाका, या वेळी कशानं पुसलीत?"

"थोडं पेट्रोल लावलं," ते खाली बघत म्हणाले. "निघेना. मग घासलं."

घासलेलं दिसतच होतं. बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा उठल्या होत्या.

चाकणच्या एका कार कंपनीत मी बारा वर्षं पेंट शॉपला इन्स्पेक्शन केलं. नंतर दापोडीत हे डिटेलिंगचं, म्हणजे गाड्या धुऊन चमकवायचं, शेड टाकलं. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. चमक त्याचीच. रेघा घालवायला पॉलिश करायचं म्हणजे हाच थर थोडा खरवडायचा. तो परत येत नाही. काकांच्या गाडीला मी आधीच दोनदा पॉलिश केलं होतं.

पहिल्यांदा मला तो झाडाचा चीक वाटला होता. पण चीक पाण्याला दाद देत नाही. हे मात्र कोमट पाण्याचं फडकं दहा मिनिटं ठेवलं की सुटायचं. म्हणजे साखर. मी लातूरकडची. आमच्या ज्वारीवर हेच पडायचं, वडील त्याला चिकटा म्हणायचे. किडे झाडाचा रस पितात आणि गोड पाणी खाली टाकतात.

"काका, गाडी आंब्याखाली लावता ना? सध्या मोहोर आहे. त्यावरच्या तुडतुड्यांचं काम आहे हे."

"देवळापाशी लावतो."

"मग देवळापाशीच जरा पलीकडे लावा."

"पलीकडून दिसत नाही."

मी रंगाची जाडी मोजायचं मीटर बॉनेटवर टेकवलं आणि आकडा त्यांना दाखवला.

"आता पॉलिश करणार नाही मी. अजून एकदा केलं तर क्लिअर कोट जाईल. अख्खं बॉनेट रंगवावं लागेल. त्यापेक्षा गाडीवर कव्हर टाका."

"मी आत बसलेला असतो, ताई. कव्हर कसं टाकू?"

मग ते प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले आणि बोलले. पिंपरीच्या एका कारखान्यात फोरमन होते, आता रिटायर. एकुलती मुलगी मनीषा. तिनं स्वतःच्या पसंतीनं, जातीबाहेर लग्न केलं. "मी गेलो नाही लग्नाला. बायकोलाही जाऊ दिलं नाही." बायको तिच्याशी फोनवर बोलते, हे बाहेर गेल्यासारखं दाखवून दुसऱ्या खोलीत ऐकतात. नात तीन वर्षांची झाली, नाव तनू. मनीषा सांगवीत राहते, पहिल्या मजल्यावर. समोर आंब्याचं झाड, देऊळबिऊळ काही नाही. दर रविवारी भाजी आणतो म्हणून हे निघतात आणि दोन तास त्या झाडाखाली गाडीत बसतात. कधीतरी तनू गॅलरीत येते, ग्रिल धरून उभी राहते.

"वर का नाही जात?"

"कोणत्या तोंडानं जाऊ?"

माझं काम रंगाचं. चिकटा काढून गाडी दिली.

दोन आठवड्यांनी ते आले तेव्हा बॉनेट जवळजवळ स्वच्छ होतं.

"जागा बदललीत वाटतं?"

"नाही." त्यांनी मागच्या सीटवरून एक फुलाफुलांची चादर काढली. तीच चिकट झाली होती. "चहा प्यायला कोपऱ्यावर गेलो होतो. परत आलो तर ही गाडीवर टाकलेली. टोकं आरशांना बांधलेली. वर पाहिलं, तर गॅलरीचं दार बंद."

"म्हणजे तिला माहीत होतं."

"याच गाडीवर शिकली ती चालवायला. ओळखणार नाही?" त्यांनी चादर माझ्यापुढे धरली. "हे निघेल का हो कापडातून? घरी धुता येत नाही. बायको विचारेल."

कोमट पाण्यात भिजवून मी ती चादर शेडमध्येच धुतली आणि माझ्या फडक्यांशेजारी वाळत घातली. ती वाळेपर्यंत काका बसून राहिले. मग टोकाला टोक जुळवून घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"द्यायला वर जावं लागेल," ते म्हणाले.

"वॉचमनकडे ठेवली तरी चालेल."

"चालेल," ते म्हणाले. पण तसं ते करणार नाहीत, हे मला कळलं.

मे महिन्यात ते पुन्हा आले, नुसतं वॉशिंग करायला. मी विचारण्याआधीच सांगू लागले.

"जावयानं दार उघडलं. बसा म्हणाला. मनीषा स्वयंपाकघरात होती. बाहेर आली नाही. चहा पाठवला, कमी साखरेचा. मला लागतो तसा."

"आणि तनू?"

"ती समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, तुम्ही गाडीतले आजोबा ना?"

एवढं बोलून ते नळापाशी गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

मनीषा अजून त्यांच्याशी बोलत नाही. ते दर रविवारी जातात, बायकोला घेऊन. गाडी आता सोसायटीच्या आत लावतात, म्हणून त्यानंतर वर्षभरात ती एकदाच माझ्याकडे आली. नेहमीचं गिऱ्हाईक गेलं म्हणायचं.

तेव्हापासून डाग बघण्याआधी मी विचारते, गाडी उभी कुठं असते? पहिलं उत्तर बहुतेक वेळा खरं नसतं. पाणी तापेपर्यंत थांबलं की दुसरं मिळतं.