मामाचा जड कॅमेरा

मामाला चुकीचा कॅमेरा मी घ्यायला लावला.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. वर्षभरात हे कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून इथे लिहितेय.

माझा मामा द्रोणागिरीच्या एका कंटेनर यार्डात कामाला होता. कंटेनर आला की त्याच्याभोवती फिरायचं, कुठे पोचा आहे, कुठे पत्रा फाटलाय ते बघायचं आणि त्याचे फोटो काढायचे. कंपनीचा छोटासा कॅमेरा होता. सगळी नोकरी त्याने हेच केलं.

रिटायर झाला तेव्हा मला म्हणाला, “आता ज्याला पोचा नाय असा कायतरी काढायचा हाय.”

त्याचं घर उरणच्या बाजूला, खाडीला लागून. मागच्या खिडकीतून चिखल आणि तिवरं दिसतात. बगळे, खंड्या, ढोकरी रोज येतात. त्याला ते काढायचे होते.

फोन नको म्हणाला. स्क्रीनवर बघायचं नव्हतं त्याला. डोळा काचेला लावून समोरचं आहे तसं दिसलं पाहिजे, हा त्याचा हट्ट. म्हणजे DSLR.

मग मी नेहमीसारखी कामाला लागले. पंधरा दिवस रिव्ह्यू वाचले, व्हिडिओ बघितले, एक्सेलमध्ये तक्ता केला. एका रविवारी मामाला पनवेलच्या दुकानात घेऊन गेले.

दुकानदाराने दोन कॅमेरे काढून ठेवले. एक लहान, हलका, नवशिक्यांचा. दुसरा मोठा, लांब झूम लेन्सचा.

मामाने हलका उचलला. बराच वेळ डोळ्याला लावून रस्त्याकडे बघत राहिला.

मोठा उचलला तेव्हा त्याचा उजवा हात खाली गेला. त्याने लगेच डावा हात खाली लावला. मी ते बघितलं. पण मला वाटलं, सवय नाही, होईल.

दुकानदारही म्हणाला, “मॅडम, सुरुवातीला हलकाच द्या.”

मी ऐकलं नाही. तक्ता उघडून दाखवला. पक्षी लांब असतात मामा, त्या छोट्या लेन्समध्ये ठिपके येतील, असं काय काय समजावलं.

तो म्हणाला, “तू म्हनशील तो.”

मोठा घेतला.

पहिले फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आले. सगळे हललेले. मी शटर स्पीड वाढवायला सांगितला. कोपर अंगाला टेकवून उभा राहा म्हटलं. पुढचे फोटोही हललेले.

एकदा मी वैतागून म्हणाले, “मामा, हात जरा स्थिर ठेव ना.”

हे वाक्य मी बोलले आहे. परत घेता येत नाही.

दोनेक महिन्यांनी मामीचा फोन आला. मामाला शर्टाची बटणं लागत नव्हती. ताट हातातून सुटलं होतं. मी त्यांना पनवेलला माझ्याकडे आणलं, डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या.

मोटर न्यूरॉन डिसीज.

डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की हा बरा होत नाही. हात जातील, मग पाय, मग बोलणं, मग गिळणं.

कधीपासून त्रास आहे, असं त्यांनी विचारलं. मामी म्हणाली, दिवाळीपासून हात लुळा वाटतो म्हणत होते.

कॅमेरा आम्ही होळीनंतर घेतला होता.

गाडीत बसल्यावर मी मामाला विचारलं, दुकानात का नाही बोललास? हलका घेतला असता ना.

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “तू एवरा अभ्यास करून आलेलीस.”

मग म्हणाला, “आनि माना वाटला, जड उचलला तर हाताला ताकद येल.”

मी गाडी बाजूला घेतली. पुढचं काही दिसत नव्हतं.

त्यानंतर मी नुसत्या वस्तू आणत सुटले. ट्रायपॉड आणला, तोवर त्याला झूमची रिंग फिरेना. हलका कॅमेरा आणते म्हटलं, तोवर तोही उचलता येणार नाही हे आम्हा दोघांना कळलं होतं. रिमोट आणला, तेव्हा अंगठा थोडा हलत होता. तीन आठवडे त्याने रिमोटवर फोटो काढले.

मग अंगठाही थांबला.

मी पोचेपर्यंत आजार पुढे गेलेला असायचा. प्रत्येक वेळी.

शेवटच्या महिन्यांत मामीने त्याची खाट मागच्या खिडकीशी लावली. कॅमेरा ट्रायपॉडवर, शेजारी मामी रिमोट घेऊन. मामाने डोळे मिटून उघडले की तिने बटण दाबायचं, असं दोघांचं ठरलं होतं. मामीने आयुष्यात कधी कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. ती मामाच्या डोळ्यांकडे बघत बसायची, त्यामुळे बाहेर काय चाललंय ते तिला दिसायचंच नाही. तिने बटण दाबेपर्यंत पक्षी उडालेला.

कार्डवर शेकडो फोटो आहेत. नुसता चिखल. नुसतं तिवर. कुठेतरी कोपऱ्यात पंखाचं टोक.

एकदा मी ते त्याला एकेक करून दाखवले. तो हसला. त्याचं हसणं तोवर घशातच अडकायचं. मामी घाबरून त्याची पाठ चोळायला लागली. मी कॅमेरा हातात धरून उभी होते.

मागच्या वर्षी आजच्याच दिवशी, सकाळी, तो गेला. मी पनवेलहून निघाले होते. जासईजवळ ट्रेलरच्या रांगेत अडकले. पोचले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं.

कॅमेरा अजून तिथेच आहे. मामी सकाळी चहा झाला की खिडकीशी बसते आणि बटण दाबते. काय येतंय ते बघत नाही.

ती हे का करते, ते मी विचारलं नाही. काय विचारणार?

महिन्यातून एकदा जाते आणि बॅटरी चार्ज करून देते. मला एवढंच जमतं.

मामा, माझं चुकलं रे.

तुला मनापासून नमस्कार.