नवश्याच्या बेसचा गळा

आज सकाळी फोनवर मी एका माणसाला इतक्या शिव्या घातल्या, की बायकोने खिडक्या लावून घेतल्या.

नवश्याला जाऊन आज तीन वर्षं झाली. ह्या दिवशी शांत राहावं म्हणतात. नाही राहवत.

नवश्या आमच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. मी ढोलक. जव्हार, मोखाडा, कुठंही लग्न असो, हळदीला आम्हीच.

तो जामसरचा. नव्वदच्या आसपास ठाण्याला मजुरीला गेला आणि एका ऑर्केस्ट्रात स्पीकर उचलायला लागला. तिथल्या म्हाताऱ्या बेसवाल्याने निवृत्त होताना त्याला आपली गिटार देऊन टाकली. जुनी जपानी. चार तारा, वजन धोंड्यासारखं.

व्हॉल्यूमचं बटण तुटलं, तर नवश्याने रेडिओचं लावलं. वायरची खोबणी सैल झाली, तर सायकलचा वायसर घातला.

पण खरं काम त्याने केलं गळ्यावर, म्हणजे बोटं फिरतात त्या लांब दांड्यावर.

त्याचा बाप तारपा वाजवायचा, भोपळ्याचं ते लांब फुंकवाद्य. कापणी झाली की सगळा पाडा त्याच्याभोवती फेर धरून नाचायचा. नवश्याच्या डोक्यात आलं, बाबाबरोबर बेस वाजवायची.

जमेना. तारप्याचा सूर गिटारच्या दोन फ्रेटच्या, म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्यांच्या, मधे कुठंतरी पडायचा. नवश्या म्हणाला, "बाबा, तारपा जरा खाली घे ना."

म्हातारा हसला. "माझा तारपा तुझ्या मांगं नाय येणार. तूच ये माझ्या मांगं."

मग नवश्याने काय करावं?

गळ्यावरचे सगळे फ्रेट पकडीने उपटून काढले!

बाप अंगणात बसून एकेक सूर धरायचा. हा तारेवर बोट सरकवत तो सूर शोधायचा, पेन्सिलीने खूण करायचा, आणि तिथं करवतीने चर पाडून फ्रेट ठोकायचा. जुन्या चरांत बांबूच्या कामट्या भरल्या. मी शेजारी बसून त्याला वेड्यात काढत होतो.

त्या दिवाळीनंतर दोघांनी एकत्र वाजवलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. खोटं नाही सांगत.

एकदा जव्हारला स्टेजवर बापलेकांचा प्रोग्राम होता. बाप मागे उभा, म्हणून नवश्या अख्खा वेळ पब्लिककडे पाठ करून वाजवत होता. निवेदक ओरडतोय, "अहो, इकडे बघा!"

हा म्हणतो, "तारप्याला पाठ दावत नसतात."

पुढे बाप गेला. तारप्याचा भोपळा किड्यांनी पोखरला. आम्ही कधी कॅसेट भरली नव्हती, रोज कानावर पडणारी गोष्ट कोण भरतं? पण नवश्याने बेस काढली की जामसरच्या म्हाताऱ्या बाया म्हणायच्या, "म्हातारा वाजवतोय."

तो सूर जगात एकाच जागी उरला होता. त्या गळ्यावर.

मग नवश्याही गेला. कावीळ.

यंदा जव्हारजवळचा शिरपामाळ बघायला एक शहरी माणूस आला. जुन्या गिटारींचा शौकीन. कुणाकडून तरी कळलं म्हणून नवश्याच्या घरी पोचला. बेस उलटीपालटी केली आणि घडाघडा सांगितलं, हे बटण ओरिजिनल नाही, ही खोबणी बदललीय, फ्रेट सगळे हललेत.

बरोबर ओळखलं हो. एक चूक नाही.

फक्त कुणी केलं, का केलं, हे विचारायला त्याची जीभ झिजत होती.

नवश्याच्या बायकोला, मंजूवहिनीला म्हणाला, "पुन्हा वाजती करून देतो." तारा गंजलेल्या, आवाज बंद पडलेला. ती बिचारी हो म्हणाली. मी नोकरीमुळे मोखाड्याला, मला पत्ताच नाही.

काल बेस परत आली, वहिनीने फोटो पाठवला. चकाचक. नवी बटणं. आणि गळ्यावर कोरी करकरीत लाकडी पट्टी, एकेक फ्रेट मापात.

आज सकाळी फोनवर मी त्या माणसाला विचारलं, "जुनी पट्टी कुठंय?"

"ती? टाकली हो. अगदीच खराब करून ठेवली होती कुणीतरी."

कुणीतरी!

अरे माणसा, तो माझा दोस्त होता. आणि ते खराब नव्हतं, ते मापाने केलं होतं. फक्त माप तुझ्याकडचं नव्हतं. तुला एवढी अक्कल होती, तर एक प्रश्न विचारायला काय धाड भरली होती?

तो म्हणाला, "मी फुकट करून दिलं, आणि तुम्ही भांडताय?"

मग मी काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही.

दुपारी जामसरला गेलो. वहिनीने बेस माझ्या मांडीवर ठेवली. "वाजवा भाऊ."

मी ढोलकवाला माणूस. तरी चार सूर काढले. सगळे शुद्ध, सगळे जागच्या जागी.

वहिनी ऐकत राहिली. मग उठून आत जाता जाता म्हणाली, "आमचा म्हातारा नाय यात."

नवश्या, तुला श्रद्धांजली तीन वर्षांपूर्वीच वाहिली.

आजची तुझ्या बाबाच्या तारप्याला.